चिखली : पाच चिन्हं, पंधरा बाइट

‘चिखली’ वाचताना डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. संगणकाला पाच चिन्हं दिसतात : च, ऱ्हस्व वेलांटी, ख, ल आणि दीर्घ वेलांटी. साठवताना त्याच नावाचे १५ बाइट होतात. मेलच्या मजकुरात बसवताना बहुधा २० इंग्रजी अक्षरं होतात, विषयाच्या ओळीत ३२, सर्व्हरवरच्या फोल्डरच्या नावात १६ आणि कित्येक फोनमधून काढलेल्या संपर्कयादीत चक्क ४५. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव एकच, पण मेलच्या दुनियेत ते बहुरूप्यासारखं दारोदारी नवं सोंग घेऊन उभं राहतं. आपण एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात मेल हलवतो तेव्हा ही सगळी सोंगं उतरवून पुन्हा चढवली जातात आणि बहुतेक वेळा आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

सध्या हे हलवाहलवीचं काम पुष्कळ ठिकाणी निघालंय. विंडोजमधलं जुनं ‘मेल’ ॲप मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आता कृषी सेवा केंद्र असो, अडत्याची पेढी असो की कर सल्लागाराचं ऑफिस, नवा संगणक आला की पहिला प्रश्न येतो : जुने मेल आणि नंबर येतील ना? दुरुस्तीवाला आउटलुक या मेल प्रोग्रॅमच्या फाइलबद्दल विचारतो, “पीएसटी काढली का?” या छोट्या प्रश्नामागे चाळीस वर्षांची कारागिरी आहे.

मेल पोचवण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून काढले. त्या नियमांच्या नळीतून फक्त १२८ चिन्हं जाणार होती : इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि काही यंत्रखुणा. देवनागरीला तिथे जागाच नव्हती. वाटा निघाल्या त्या १९९२ मध्ये, आणि एकदम दोन. जूनमध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हा करार मांडला : मजकूर कोणताही असो, त्याला इंग्रजी अक्षरांच्या वेशात पाठवा आणि वेश कोणता ते पत्राच्या माथ्यावर लिहा. सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, यूटीएफ-८ ची आखणी केली. जगातल्या सगळ्या लिप्या बाइटांत मांडायची ती रीत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट घेतं.

माइममधला एक वेश म्हणजे बेस-६४. त्यात २६ मोठी इंग्रजी अक्षरं, २६ लहान, १० आकडे, अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ अशी बरोबर ६४ चिन्हं असतात. हा वेश तीन बाइट घेतो आणि चार चिन्हं देतो. आता योगायोग पाहा : देवनागरीचं चिन्हही तीनच बाइटांचं! म्हणजे सलग मराठी शब्द बेस-६४ मध्ये गेला की एका चिन्हाला नेमकी चार इंग्रजी चिन्हं मिळतात. त्यातली पहिली दोन कायम ठरलेली : ४ आणि के. तिसरं एस किंवा डब्ल्यू. नेमकी ओळख काय ती चौथ्यात.

तिसरं चिन्ह दोनच प्रकारचं का? लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने देवनागरीला १२८ जागांचा तक्ता दिला आहे, म्हणजे ६४ चे दोन अर्धे. पहिल्या अर्ध्याला एस, दुसऱ्याला डब्ल्यू. आणि हा तक्ता मधोमध कुठे दुभंगतो? ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या मध्ये! ऱ्हस्व वेलांटी पहिल्या अर्ध्याच्या शेवटच्या जागेवर, दीर्घ वेलांटी दुसऱ्याच्या पहिल्या जागेवर. म्हणून ‘चिखली’तली ऱ्हस्व वेलांटी होते ‘४ के एस तिरकी रेघ’, म्हणजे चौसष्टातलं शेवटचं चिन्ह. दीर्घ होते ‘४ के डब्ल्यू ए’, म्हणजे चौसष्टातलं पहिलं. पाच चिन्हांच्या या नावात सीमेच्या दोन्ही बाजूंचे शेजारी हजर आहेत. हे कुणी ठरवून केलेलं नाही. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कामांसाठी आखलेले तक्ते एकमेकांवर ठेवले तर अशी नक्षी उमटते.

शब्दाआधी एक मोकळी जागा आली की हिशेब एका बाइटने सरकतो आणि तोच शब्द अगदी निराळा दिसू लागतो. त्यामुळे मेलच्या फाइलमध्ये ‘चिखली’ शोधायची तर त्याचे तीन अवतार शोधावे लागतात.

आता ही पत्रं ठेवायची कुठे? थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम सहसा ‘एमबॉक्स’ पद्धत वापरतो : एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एकाखाली एक. नवं पत्र सुरू झालं हे ओळखायचं कसं? ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि पुढे मोकळी जागा. मग कुणी पत्रातलाच एखादा परिच्छेद त्या शब्दाने सुरू केला तर? प्रोग्रॅम गुपचूप त्याआधी एक बाणासारखं चिन्ह घालतो. जुन्या इंग्रजी मेलमध्ये असं विनाकारण उगवलेलं चिन्ह आजही भेटतं. बेस-६४ मधल्या मराठी मजकुराला हा धोका नाही, कारण त्या वेशात मोकळी जागा नसतेच.

या पद्धतीत पत्र ‘डिलीट’ केलं तरी ते लगेच जात नाही. थंडरबर्ड पत्राच्या माथ्यावर चार आकडी खूण ठेवतो आणि पुसताना त्या खुणेतला आकडा तेवढा बदलतो. पत्र फाइलमध्ये तसंच पडून राहतं, ‘कॉम्पॅक्ट’ म्हणेपर्यंत. म्हणून अशी फाइल दुसरीकडे नेण्याआधी कॉम्पॅक्ट करावं, नाहीतर पुसलेली पत्रंही नव्या घरी हजर होऊ शकतात.

आउटलुकची पीएसटी याच्या उलट. ती मजकुराची फाइल नसून एक डेटाबेस आहे. पाठवणारा, विषय, तारीख, मजकूर असे तुकडे तिथे वेगवेगळे लावलेले असतात. जुन्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती. आउटलुक २००३ पासून युनिकोडवाली आली, २० जीबीपर्यंत, आणि २०१० पासून ५० जीबी. तिची आतली रचना मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये जाहीर केली. पीएसटीतून बाहेर पडताना पत्र तुकड्यांतून नव्याने जुळवावं लागतं. आशय तोच राहतो, पण बाइट अन् बाइट मूळचाच असेल असं नाही.

दोन प्रोग्रॅमना एकमेकांची भाषा येत नसेल तर मधला पूल म्हणजे आयमॅप, मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला घडवलेला. जुन्या प्रोग्रॅममधून पत्रं सर्व्हरवर चढवायची, नव्यातून उतरवायची. यात एक गंमत होते. पत्र लिहिल्याची तारीख पत्रातच असते, पण सर्व्हरवर आल्याची तारीख प्रोग्रॅमने वेगळी सांगावी लागते. तो विसरला तर दहा वर्षांपूर्वीची पत्रंही ‘आज आली’ म्हणून यादीत वर बसतात. घाबरायचं कारण नाही, क्रम पाठवल्याच्या तारखेनुसार लावला की ती पुन्हा जागेवर जातात.

पत्रं निभावतात, कारण प्रत्येक पत्र आपली हकीकत स्वतःच्या माथ्यावर घेऊन फिरतं. संपर्क मात्र दुसऱ्याने आखलेल्या कप्प्यांत बसवावे लागतात. व्हीकार्ड ही संपर्काची पद्धत १९९०च्या दशकात ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या गटातून आली. तिथे पत्त्याला सात कप्पे : टपालपेटी, जोडपत्ता, रस्ता, गाव, राज्य, पिन आणि देश. आपला पत्ता कसा? मु. पो. अमुक, ता. चिखली, जि. बुलढाणा. तालुका आणि जिल्हा, दोघांनाही स्वतंत्र कप्पा नाही! कुणी तालुका रस्त्याच्या कप्प्यात कोंबतो, कुणी जिल्हा गावाच्या, आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गेल्यावर सगळी सरमिसळ.

अशा वेळी आधार सहा आकड्यांचा. ४४३२०१ म्हटलं की पिंपरी-चिंचवडची चिखली नाही, गुजरातेतल्या नवसारी जिल्ह्यातली नाही, ही बुलढाण्याचीच. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेल्या पिनकोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सारख्या नावांची गावं आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांवरचा हा उपाय व्हीकार्डच्या कितीतरी आधीचा. म्हणून संपर्क हलवताना पिनचा कप्पा आधी तपासावा.

नावांचीही तीच तऱ्हा. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला ऱ्ह दोन-तीन वेगवेगळ्या चिन्हक्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर सगळे हुबेहूब, पण शोध घेताना प्रोग्रॅमला ते वेगळे वाटू शकतात. एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि कुणाची चूक तेच कळत नाही.

शेवटी बिघाड ओळखायची खूण. नवी यादी उघडली आणि नावांच्या जागी माथ्यावर तिरकी रेघ असलेला लहान ए आणि चार टोकांचं वर्तुळ यांची माळ दिसली, तर माहिती बहुधा शाबूत आहे. देवनागरीचे बाइट कुणीतरी युरोपी लिपी समजून वाचतंय, एवढंच. फाइल सेव्ह न करता बंद करा आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा आणा. एक्सेलमध्ये संपर्कांची सीएसव्ही फाइल थेट उघडली की हे बऱ्याचदा घडतं. पण जिथे नाव होतं तिथे नुसती प्रश्नचिन्हं नीटनेटकी उभी असतील, तर त्या प्रतीतून अक्षरं गेली, कोणत्याही सेटिंगने परत येणार नाहीत. भयानक दिसणारी प्रत बहुधा वाचते, व्यवस्थित दिसणारी कायमची बुडालेली असू शकते. म्हणून आधी एकच संपर्क नेऊन पाहावा, ऱ्ह आणि ळ असलेला, तालुका-जिल्ह्यासकट. तो धड उतरला की बाकीचे न्यावेत, आणि सगळं तपासून होईपर्यंत जुन्या पीएसटीला हात लावू नये.