‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’ : पिता-पुत्र संबंधाचा अवकाशव्यापी शोध

प्रस्तावना

विज्ञानपट म्हटला की याने, यंत्रे आणि परग्रहवासी डोळ्यांसमोर येतात. या प्रकारातील मोजक्या कलाकृती मात्र विज्ञानाच्या आधारे मानवी नात्यांचा वेध घेतात. जेम्स ग्रे दिग्दर्शित ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’ (२०१९) हा अमेरिकन चित्रपट त्यांपैकी एक होय. ‘ताऱ्यांकडे’ असा या लॅटिन शीर्षकाचा अर्थ आहे. परंतु चित्रपटाचा खरा प्रवास पुत्राकडून पित्याकडे आणि पित्याकडून पुन्हा स्वतःकडे होतो. प्रस्तुत लेखात या नात्याच्या मांडणीचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

कथानकाचे स्वरूप

क्लिफर्ड मॅकब्राइड (टॉमी ली जोन्स) हा गौरविला गेलेला अंतराळवीर. विश्वातील बुद्धिमान जीवसृष्टीचा शोध घेणाऱ्या ‘लिमा’ मोहिमेचा प्रमुख म्हणून तो नेपच्यूनकडे जातो आणि पुढे त्याचा संपर्क तुटतो. अनेक वर्षांनी त्याच दिशेने येणाऱ्या विध्वंसक ऊर्जालहरी पृथ्वीवर आदळू लागतात. पिता जिवंत असावा, अशी शंका अधिकाऱ्यांना येते. त्याला संदेश पाठविण्यासाठी त्यांचा पुत्र रॉय (ब्रॅड पिट) चंद्रमार्गे मंगळावर रवाना होतो.

वारसा : संयमाचा की दुराव्याचा?

कोणत्याही संकटात रॉयच्या नाडीचे ठोके मिनिटाला ८०च्या वर जात नाहीत, अशी त्याची ख्याती आहे. व्यवसायात जो गुण ठरतो, तोच संसारात दोष ठरतो. पत्नी ईव्ह त्याच्यापासून दुरावते. सोडून गेलेल्या पित्याविषयीचा राग मनात बाळगणारा पुत्र नकळत पित्याचीच प्रतिकृती होत जातो, हे या व्यक्तिरेखेचे मर्म आहे. प्रवासात एका हिंस्र प्रसंगानंतर रॉय स्वतःमधील आणि पित्यामधील क्रोधाचे साम्य ओळखतो. त्या क्रोधाखाली वेदना दडलेली आहे, हेही त्यास उमगते.

या दृष्टीने मंगळावरील प्रसंग महत्त्वाचा आहे. रॉयला तयार मजकूर वाचून दाखवायचा असतो. तो बाजूला सारून तो पित्याशी पुत्राच्या भाषेत बोलतो आणि त्याच क्षणी मोहिमेसाठी अपात्र ठरविला जातो. भावनाशून्यता हीच पात्रता मानणाऱ्या व्यवस्थेवरील हे भाष्य होय. तेथेच त्याला कळते की, परतू इच्छिणाऱ्या सहकाऱ्यांचे बंड मोडताना पित्याने दोषींबरोबर निर्दोषांचेही प्राण घेतले. पूज्य प्रतिमा ढळते. ओढ मात्र संपत नाही.

पित्याचे मौन आणि विश्वाचे मौन

नेपच्यून सूर्यापासून सुमारे ४५० कोटी किलोमीटर अंतरावर आहे. तेथवर प्रकाशालाही चार तासांहून अधिक वेळ लागतो. ‘व्हॉयेजर २’ हे मानवरहित यान १९७७ मध्ये निघून १९८९ मध्ये या ग्रहाजवळून गेले. चित्रपटातील यान हे अंतर काही आठवड्यांत कापते, अवकाशस्फोटाच्या धक्क्यावर परतही येते. वैज्ञानिक काटेकोरपणाच्या दृष्टीने या बाबी आक्षेपार्ह आहेत. तथापि येथे अंतराचे प्रयोजन भौतिक नसून भावनिक आहे: ज्या पित्याशी एका घरात बोलता आले नाही, त्याच्याशी बोलण्यासाठी पुत्राला सूर्यमालेच्या टोकापर्यंत जावे लागते.

भेटीत पिता निर्विकारपणे सांगतो की, पत्नी-पुत्राची त्याला कधीच ओढ नव्हती. त्याच्या दीर्घ शोधात बुद्धिमान जीवसृष्टी आढळलेली नाही, पण हा निष्कर्ष त्याला अपयश वाटतो. रॉय त्याच माहितीतून वेगळा अर्थ काढतो: विश्वात आपल्याला आपणच आहोत. दूरच्या जगांच्या सुंदर प्रतिमा पित्याने जमविल्या. जे नव्हते त्याच्या ध्यासात जे समोर होते ते मात्र त्याला दिसले नाही. पुत्रही त्यातच येतो. विश्वाचे मौन आणि पित्याचे मौन असे एकाच सूत्रात गुंफले जाते.

पित्याला परत नेण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो. त्याच्याच विनवणीवरून रॉय दोघांना जोडणारी दोरी सोडतो. हा सूड नव्हे आणि पूर्ण क्षमाही नव्हे. पित्याला आहे तसा स्वीकारून त्याच्या छायेतून बाहेर पडणे होय.

समारोप

‘इंटरस्टेलर’ (२०१४) या चित्रपटात पित्याचे प्रेम काळ आणि अंतर ओलांडून मुलीपर्यंत पोहोचते. ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’ अधिक कठोर शक्यता मांडतो: काही पित्यांकडून अपेक्षित उत्तर कधीच मिळत नाही. तरीही पुत्राचे आयुष्य त्या उत्तरावाचून थांबत नाही. पृथ्वीवर परतलेला रॉय अखेरच्या मानसिक चाचणीत निकटच्या माणसांवर विसंबण्याची आणि प्रेम करण्याची तयारी व्यक्त करतो. वारशाने आलेला दुरावा ओळखता येतो, आणि ओळखला की तो पुढे न नेण्याची निवडही करता येते, हे या कलाकृतीचे सार आहे.