अॅम्प्लिफायरची निवड आणि जेऊरचा उन्हाळा

घरी स्टीरिओ संच बसविण्याची ज्याची मनीषा आहे, त्याच्यापुढे स्पीकर हलविणारा अॅम्प्लिफायर कोणत्या पद्धतीचा घ्यावा हा प्रश्न उभा राहतोच, आणि त्यावर शौकिनांत जी खडाजंगी चालते ती बहुधा मुंबई-पुण्याचे वातानुकूलित दिवाणखाने गृहीत धरून चालते. परंतु करमाळा तालुक्यातील जेऊरसारख्या रेल्वे स्टेशनाच्या गावी, जेथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि विजेच्या दाबाचा भरवसा नसतो, तेथे या प्रश्नाचा निकाल निराळ्या कसोटीवर लावणे प्राप्त आहे.

क्लास ए म्हणून जी पद्धत आहे, तीत गाणे चालू असो वा नसो, ट्रान्झिस्टरमधून वीज अखंड वाहती ठेवलेली असते. त्यामुळे ध्वनिलहर कोठे तुटत नाही हे खरे. पण अशा यंत्राला आदर्श स्थितीतही घेतलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक स्पीकरला देता येत नाही, व्यवहारात तर चौथा हिस्साही कठीणच, आणि बाकीची सारी उष्णतेच्या खाती खर्ची पडते. दर बाजूस २० वॅट देणारा संच नुसता स्वस्थ बसला तरी शंभराहून अधिक वॅट जाळतो. वैशाखात अशी शेगडी कोण पेटवील?

म्हणून लहरीचा वरचा अर्धा भाग एका ट्रान्झिस्टरने व खालचा दुसऱ्याने उचलावा, अशी काटकसरीची तजवीज निघाली. तथापि सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्यावाचून जागा होत नाही. सबब एक थांबून दुसरा सुरू होईतो, लहर शून्यावरून जाताना, तिच्यात खाच पडते. मोठ्या आवाजात ही खाच झाकून जाते. तंबोऱ्याच्या मंद झंकारात, जेथे लहरच मुळी इवलीशी, तेथे मात्र ती कानाला बोचते. दोघांनाही थोडी वीज सतत देऊन ही खाच बुजविली, की झाला क्लास एबी; घरगुती अॅम्प्लिफायरांत ही जात दीर्घकाळ सर्वांत रूढ आहे.

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या निर्वात नळ्यांचा, नाद निराळा. विल्यमसन या ब्रिटिश अभियंत्याने १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात दिलेल्या रचनेवरून अनेक हौशी मंडळींनी स्वहस्ते अॅम्प्लिफायर बांधले, आणि ती गोडी अद्याप ओसरलेली नाही. अलबत्ता, आत कित्येकशे व्होल्ट खेळतात, व्हॉल्व्ह झिजतात, आणि बदली व्हॉल्व्हसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत हेलपाटा घालण्याची तयारी हवी.

क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदास लाखो वेळा पूर्ण चालू वा पूर्ण बंद होतो व शेवटी कॉइल-कपॅसिटरच्या जोडीतून मूळ ध्वनी वेगळा काढला जातो. मोठ्या आवाजात ९० टक्क्यांच्या आसपास वीज सत्कारणी लागते. या पद्धतीच्या आरंभीच्या यंत्रांची बदनामी अगदीच अकारण नव्हती, पण तीच फिर्याद आजच्या चांगल्या बनावटीवर गुदरणे हा पूर्वग्रह होय.

या वादात स्पीकरचा विसर पडतो, याचे आम्हांस नवल वाटते. एक वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ८९ डेसिबलचा घेतला, तर तेवढाच आवाज निम्म्या वॅटांत मिळतो. उलट अॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी पदरात ३ डेसिबलच पडतात. तेव्हा जेऊरकराने पैसा आधी स्पीकरवर घालावा, मग उत्तम क्लास डी किंवा साधा क्लास एबी घ्यावा, आणि कोणताही घेतला तरी तो बंद कपाटात कोंडू नये.