मधूनच तुटणारा करंट

पॉइंट-कंडेन्सरच्या गाडीत इग्निशनचा करंट सरळ वाटेने जातो. बॅटरीच्या धन टोकाकडून इग्निशन स्विच, तिथून कॉइलचे प्रायमरी वेटोळे, मग डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि पॉइंट मिटलेले असतील तर इंजिनच्या धातूतून परत बॅटरी. पॉइंट उघडले की करंट तुटतो, कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि सेकंडरी वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. रोटर आणि जाड तारांमधून तो प्लगपर्यंत पोचतो. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना विसाव्या शतकातल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांनी वापरली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निघालेली फियाट आणि पुढे पद्मिनी त्यातलीच. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी २०२३ पर्यंत धावत होती.

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. तार सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापुरती सुटली तरी दहा ठिणग्या चुकतात आणि गाडी हिसका देते. दोष एवढा क्षणिक असल्यामुळे उभ्या, थंड गाडीत तो सापडत नाही. अशा वेळी आधी प्लग, मग कॉइल, मग कंडेन्सर असे एकेक सुटे भाग बदलत जाण्याची गॅरेजमधली रीत खर्चिक आहे. शिवाय ती दिशाभूल करते, कारण भाग बदलताना तारा हलतात, दोष काही दिवस दबतो आणि नव्या भागाला फुकटचे श्रेय मिळते. दोष ज्या स्थितीत प्रकट होतो तीच स्थिती निर्माण करून त्याला पकडणे, हाच निदानाचा खरा मार्ग आहे.

सुरुवात लक्षणापासून होते. चावी फिरवून बंद करावे तसे इंजिन एकदम मरत असेल आणि तितक्याच अचानक पकडत असेल, तर संशय प्रायमरी बाजूवर जातो. एकाच सिलिंडरचे मिसिंग असेल तर त्या प्लगची तार किंवा डिस्ट्रिब्युटरची कॅप पाहावी. ओढ हळूहळू कमी होऊन गाडी धापा टाकत थांबत असेल तर बहुधा पेट्रोलचा पुरवठा तपासावा लागतो. स्टार्टर फिरत असताना इंजिन पकडते आणि चावी सोडताच मरते, हे लक्षण फार बोलके आहे: स्विचचा ‘चालू’ स्थितीतला संपर्क गेलेला असतो, किंवा बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या गाडीत तो तुटलेला असतो.

यानंतरचे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे दोन छोटे टेस्ट लॅम्प. लांब तारांनी ते चालकाच्या शेजारी आणायचे. एक कॉइलच्या धन टोकाला, दुसरा पॉइंटकडच्या टोकाला, आणि दोन्हींची दुसरी टोके अर्थला. गाडी नेहमीच्या रस्त्यावर न्यायची आणि दिव्यांवर शेजारी बसलेल्याने नजर ठेवायची. इंजिन मरताना पहिला दिवा विझला तर दोष बॅटरी ते कॉइल या टप्प्यात, म्हणजे स्विच, कनेक्टर किंवा मधल्या तारेत. पहिला पेटलेलाच राहिला तर दुसरा पाहायचा. एरवी तो लुकलुकत असतो. तो सतत पेटून राहिला तर पॉइंटमधून अर्थकडे जाणारी वाट उघडी पडली आहे. तो विझून राहिला तर पॉइंटकडची तार कुठेतरी बॉडीला लागते आहे, पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट झाला आहे किंवा कॉइलचे प्रायमरी वेटोळे आतून तुटते आहे. एका फेरीत शोधाचे क्षेत्र इतके आकसते, तेही एकही भाग न बदलता.

अशा तपासात मल्टिमीटरचा ओहम मापनावर वापर अनेकदा फसवतो. मीटर तारेतून अगदी नगण्य करंट सोडतो, तर कॉइल चार अँपिअरच्या आसपास घेते. कळंक चढलेल्या एखाद्या जोडात एक ओहम अडथळा असेल तर स्वस्त मीटरवर तो तपासतारांच्या अडथळ्यात हरवून जातो. पण तीन ओहमच्या कॉइलशी जोडल्यावर चार अँपिअरचे तीन होतात आणि ठिणगीसाठी साठणारी ऊर्जा जवळपास निम्म्यावर येते. म्हणून पॉइंट मिटलेल्या स्थितीत इग्निशन चालू ठेवून बॅटरीचे धन टोक ते कॉइलचे धन टोक यांमधला व्होल्टेज ड्रॉप मोजावा. बॅलास्ट रेझिस्टर नसलेल्या गाडीत तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर एकेक जोड मागे घेत मोजत जावे. इंजिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्येही तसेच मोजावे. इंजिनची अर्थिंग पट्टी सर्वाधिक दुर्लक्षित राहते. चाचणी मात्र आटोपती घ्यावी, नाहीतर कॉइल तापते.

तुटायला आलेली तार याही चाचणीत निसटते. दोन-तीन धागे शिल्लक असले तरी ते स्थिर असताना करंट व्यवस्थित वाहतात, हलल्यावरच सुटतात. तिथे इंजिन चालू ठेवून हार्नेस वीतभर वीतभर धरून हलवत जावे लागते, चावीलाही थोडे झटके द्यावे लागतात. डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी लवचीक तार या बाबतीत विशेष बदमाश. व्हॅक्यूम ॲडव्हान्स असलेल्या गाडीत पॉइंटची प्लेट सतत थोडी फिरते, तार वाकत राहते आणि आवरणाखाली तिचे धागे तुटतात. बाहेरून ती धडधाकट दिसते. आयडलवर इंजिन छान चालते आणि ॲक्सिलरेटर दाबला की मरते, त्यामागे बरेचदा हीच तार असते.

गरम झाल्यावरच उद्भवणारा दोष कॉइल किंवा कंडेन्सरकडे बोट दाखवतो. केस वाळवायच्या यंत्राने एकेक भाग तापवून तो बरेचदा उघड करता येतो. पावसाळी दोष सहसा हाय टेन्शन, म्हणजे सेकंडरी बाजूचा. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनच्या कॅपवर आणि तारांवर पाण्याचा बारीक फवारा मारला की निळसर ठिणग्या गळतीची जागा दाखवतात. हात मात्र लांब ठेवावे. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा अशा कमजोर तारा आणखी उघड्या पडल्या, कारण सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो.

सापडलेला जोड काळ्या टेपने गुंडाळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तांबे चकचकीत लागेपर्यंत तार मागे कापावी, कारण हिरवा कळंक आवरणाखालून बराच आत शिरलेला असतो. मग योग्य मापाचा लग दाबून बसवावा आणि वर स्लीव्ह चढवावी. डाग दिल्यास शिसे धाग्यांमध्ये चढते आणि तार तिथे ताठ होते. तिला जवळच आधार न दिल्यास थरथरीने त्या कडेलाच पुन्हा तुटते. त्यानंतर गाडी त्याच रस्त्यावर, तितकीच तापवून, टेस्ट लॅम्प लावलेलेच ठेवून चालवून पाहावी.

इंजेक्शनच्या गाड्यांत पॉइंट गेले, क्रँक सेन्सर आणि प्रत्येक प्लगवरची कॉइल आली. स्कॅनरवर पी ०३३५ असा कोड आला की क्रँक सेन्सर बदलला जातो. पण तो कोड सेन्सरच्या संपूर्ण सर्किटचा आहे, त्यात तारा आणि कनेक्टरही आले. सेन्सर काढण्याआधी त्याची पिन सैल आहे का आणि तार इंजिनच्या तापलेल्या भागाला घासते का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात.