समुद्रशैवालातील उपयुक्त रसायने : किनाऱ्यापासून हळदीच्या शेतापर्यंत

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार हे औंढा नागनाथ तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. येथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. या परिसरातील अनेक विद्यार्थ्यांनी समुद्र फक्त पुस्तकातील चित्रात पाहिलेला असतो. तरीही समुद्रात वाढणाऱ्या शैवालांपासून काढलेली रसायने या गावात रोज वापरली जातात. किराणा दुकानात मिळणारी चायना ग्रास हे एका तांबड्या शैवालाचे सत्त्व आहे. कित्येक टूथपेस्टना आणि आईस्क्रीमना दाटपणा येतो तो कॅराजीनन या शैवालजन्य पदार्थामुळे. आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवर 'समुद्रशैवाल अर्क' असे छापलेल्या बाटल्या असतात. हळद, सोयाबीन आणि कापूस पिकवणारे पालक त्या विकत घेतात.

या बाटलीत नेमके काय असते, त्याचा पिकाला किती उपयोग होतो आणि हे शाळेत तपासता येईल काय, या प्रश्नांचा विचार आपण या लेखात करणार आहोत. त्यासाठी आधी किनाऱ्यावर जावे लागेल.

शैवाल ही रसायने का बनवते?

समुद्रशैवालांचे रंगावरून तीन मुख्य गट पाडतात : हिरवी, तपकिरी आणि तांबडी. भारताच्या किनाऱ्यांवर त्यांच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. मालवण किंवा रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गेल्यास यांपैकी काही सहज पाहता येतात. उल्वा हे पातळ हिरव्या पानासारखे शैवाल, सरगॅसम हे लहान लहान हवेचे फुगे असलेले तपकिरी शैवाल, ही त्यांतील ठळक उदाहरणे होत.

शैवालाला खरी मुळे नसतात. खडकाला धरून ठेवणारा एक पकड-अवयव तेवढा असतो. पाणी आणि क्षार ते सर्वांगाने शोषून घेते. भरतीच्या वेळी लाटांचा मार, तर ओहोटीच्या वेळी कडक ऊन, असा प्रसंग त्याच्यावर दररोज येतो. ओहोटीत अंगावरचे पाणी उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात मीठ दाटते. पाऊस आला तर उलट गोड्या पाण्याचा मारा होतो. पळून जाण्याची सोय नाही. तेव्हा टिकून राहण्याचा मार्ग रसायनांचाच.

लाटांपुढे ताठ राहणारी भित्ती मोडून पडेल, म्हणून शैवालाच्या पेशींभोवती लवचीक, पाणी धरून ठेवणारी शर्करांची लांब साखळी असते. तपकिरी शैवालात ही साखळी अल्जिनेटची असते. त्यांच्या कोरड्या वजनाच्या २० ते ४० टक्के भाग अल्जिनेटचा असू शकतो. कॅल्शियमचे आयन भेटले की अल्जिनेटच्या दोन साखळ्या त्यांना मधल्या खळग्यांत धरतात आणि जेली तयार होते. अंड्यांच्या दोन ट्रेमध्ये अंडी बसवल्यावर ट्रे जसे एकमेकांत अडकतात, तसाच हा प्रकार. दाताचे माप घेण्यासाठी दंतवैद्य जो मऊ लगदा वापरतात, त्यात हाच गुणधर्म कामी येतो. तांबड्या शैवालात अल्जिनेटऐवजी अगार किंवा कॅराजीनन असते.

पेशीतील पाणी बाहेर ओढले जाऊ नये म्हणून शैवाल मॅनिटॉल आणि बीटेन यांसारखे पदार्थ साठवते. उन्हापासून आणि ऑक्सिजनच्या तीव्र क्रियेपासून बचाव करण्यासाठी त्यात रंगद्रव्ये आणि फिनॉल गटातील संयुगे असतात. लॅमिनेरिया नावाचे तपकिरी शैवाल तर समुद्राच्या पाण्यातील अत्यल्प आयोडीन वेचून ते आपल्या पेशींत साठवते. या साठ्याचा उपयोग प्रतिऑक्सिडक म्हणून होतो, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. मूलद्रव्य म्हणून आयोडीनचा शोधही शैवालातूनच लागला. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कुर्त्वा हे बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा बनवत असत. शैवालाच्या राखेवर त्यांनी सल्फ्युरिक आम्ल जास्त घातले, तेव्हा जांभळी वाफ उठली आणि थंड भागावर काळसर स्फटिक जमले.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. ही सर्व रसायने शैवालाने स्वतःच्या गरजेसाठी बनवलेली आहेत. त्यांपैकी कोणते आपल्या कोणत्या कामाला आणि किती प्रमाणात उपयोगी पडेल, हे प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे तपासावे लागते.

चायना ग्रासची साक्ष

अशा तपासणीचे चांगले उदाहरण म्हणजे अगार, अर्थात आपली चायना ग्रास. १८८१ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेस हे जंतू वाढवण्याचे काम करत होते. जंतूंसाठी जिलेटिनची जेली वापरली जाई. पण उन्हाळ्यात ती वितळे, आणि काही जंतू तर जिलेटिनच खाऊन टाकत. हेस यांच्या पत्नी फॅनी घरी जेली करताना अगार वापरत. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या मंडळींकडून त्या ते शिकल्या होत्या. त्यांनी अगार सुचवले आणि अडचण दूर झाली. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू वाढवले जातात ते अगारवरच.

अगारचे वैशिष्ट्य वर्गात पाहता येते. अर्धा लीटर पाण्यात पाच ग्रॅम चायना ग्रास भिजवून नंतर उकळा आणि पूर्ण विरघळू द्या. थंड होताना तापमापीने तापमान नोंदवा. साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली ती जमते. आता जमलेली जेली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पुन्हा तापवा. ती ४० अंशांना वितळणार नाही. त्यासाठी ८० अंशांच्या पुढे जावे लागते. जिलेटिनची जेली साधारण तिशीच्या पुढच्या तापमानातच पातळ होते. मराठवाड्यातील मे महिन्याच्या उन्हात कोणती जेली टिकेल, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील. मानवी शरीराच्या ३७ अंश तापमानात जंतू वाढवायचे असतील तर अगारच का लागते, याचे उत्तरही त्यातच आहे.

बाटलीत काय असते?

आता कृषी सेवा केंद्राकडे वळू. किनाऱ्यावर वाहून आलेले शैवाल शेतात टाकण्याची रीत आयर्लंड, स्कॉटलंड आणि फ्रान्सच्या किनारी भागांत जुनी आहे. आज बाजारात मिळणारे अर्क मुख्यतः दोन प्रकारे तयार होतात. उत्तर अटलांटिक महासागरात वाढणाऱ्या ॲस्कोफायलम या तपकिरी शैवालावर बहुधा अल्कलीची प्रक्रिया करून काळपट अर्क काढतात. दुसरा प्रकार भारतीय आहे. तमिळनाडूतील मंडपमच्या परिसरात कॅप्पाफायकस हे तांबडे शैवाल बांबूच्या तराफ्यांवर वाढवतात. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने हे ताजे शैवाल चिरडून त्याचा रस वेगळा काढण्याची पद्धत विकसित केली. रस पिकासाठी वापरायचा आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजीनन काढायचे, अशी ही दुहेरी योजना आहे.

हा अर्क खत आहे काय? याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. समजा, अर्काची मात्रा लीटरला सुमारे पावणेतीन मिली आहे. म्हणजे १५ लीटरच्या पंपाला ४० मिली. एकराला दहा पंप लागले तर एकूण ४०० मिली अर्क गेला. त्यात ५ टक्के पालाश आहे असे धरले, तर पिकाला मिळाले साधारण २० ग्रॅम पालाश. महाराष्ट्रात हळदीसाठी हेक्टरी २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद आणि १०० किलो पालाश अशी शिफारस आहे. म्हणजे एकरी ४० किलो पालाश. आपल्या बाटलीने त्याचा दोनहजारावा भाग दिला! अर्क वापरतो म्हणून खताची मात्रा निम्मी करणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान कोठे होते, हे या गणितातून दिसते.

मग उपयोग कशाचा? अर्कात सायटोकायनिन आणि ऑक्झिन या गटांतील संजीवके असतात. सायटोकायनिनमुळे पेशींचे विभाजन वाढते आणि पाने पिवळी पडणे लांबते. ऑक्झिनमुळे मुळे फुटण्यास मदत होते. संजीवके दशलक्षात एखादा भाग इतक्या अल्प प्रमाणातही काम करतात. त्यामुळे २० ग्रॅम पालाश नगण्य असले तरी संजीवकांची अल्प मात्रा नगण्य ठरत नाही. बीटेनमुळे पानांतील हरितद्रव्य टिकून राहिल्याचे प्रयोगांत दिसले आहे. लॅमिनॅरिनचे कार्य आणखी वेगळे. त्याची रचना बुरशीच्या पेशीभित्तीतील शर्करेशी मिळतीजुळती असते. पिकाला ते जाणवले की बुरशी आल्याची चाहूल समजून पीक आपली संरक्षक यंत्रणा जागी करते. पण लॅमिनॅरिन स्वतः बुरशी मारत नाही. हळदीवर करपा पसरल्यानंतर फवारणी करून तो बरा होईल, अशी अपेक्षा ठेवू नये.

आकडे कसे वाचावेत?

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात पावसावरच्या सोयाबीनवर कॅप्पाफायकसच्या रसाची फवारणी केली होती. रसाचे प्रमाण १५ टक्के असताना उत्पादन नुसते पाणी फवारलेल्या पिकापेक्षा ५७ टक्क्यांनी अधिक आले. हा आकडा जाहिरातीत शोभून दिसेल. परंतु १५ टक्के म्हणजे लीटरला १५० मिली रस. आपला पंप लीटरला जेमतेम तीन मिली घेतो, म्हणजे पन्नासावा भाग. बाटलीतला अर्क मूळ रसाच्या किती पट दाट आहे, हे कळल्याशिवाय प्रयोगातील ५७ टक्के आणि आपले शेत यांची तुलना करता येत नाही. शिवाय एका ठिकाणच्या एका पिकाचा निष्कर्ष दुसऱ्या जमिनीला आणि दुसऱ्या पावसाला तसाच लागू पडेल असे नाही. पाण्याचा ताण, जास्त उष्णता किंवा क्षार अशा अडचणीच्या परिस्थितीत या अर्कांचा गुण अधिक दिसतो, असे एकूण संशोधनावरून म्हणता येते. सर्व काही अनुकूल असलेल्या पिकात फरक थोडा दिसतो किंवा दिसतही नाही.

बाटलीवरील मजकूर वाचणे म्हणूनच महत्त्वाचे. २०२१ साली केंद्र सरकारने खत (नियंत्रण) आदेश, १९८५ यात दुरुस्ती करून जैव-उत्तेजकांना त्याच्या कक्षेत आणले. समुद्रशैवाल अर्क त्यांतच मोडतात. शैवालाचे नाव, घटकांचे प्रमाण, मात्रा, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता बाटलीवर आहे काय, ते पाहावे. पक्की पावती घ्यावी. 'सर्व पिकांवर, सर्व रोगांवर' असे लिहिलेले दिसले तर सावध व्हावे.

माणसाच्या आरोग्याबाबतही हाच विवेक हवा. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, आणि आयोडीनयुक्त मिठाने ती गरज भागते. काही तपकिरी शैवालांत आयोडीन इतके असते की त्यांच्या गोळ्या मनाने घेतल्यास थायरॉइड ग्रंथीचे काम बिघडू शकते. शैवालातील फ्युकॉयडनसारख्या पदार्थांचे परीक्षानळीतील परिणाम आश्वासक आहेत, पण परीक्षानळीतून रुग्णापर्यंतचा रस्ता लांब असतो.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

पाच पसरट डब्या घ्या. प्रत्येकीत ओला कागद घालून मुगाचे २० सारखे दाणे ठेवा. पहिल्या डबीला नुसते पाणी द्या. उरलेल्या चारांसाठी लीटरला १, ५, २० आणि १०० मिली अर्क असलेली द्रावणे करा. मोजण्यासाठी बिनसुईची सिरिंज वापरा. डब्यांवर फक्त खुणेची अक्षरे लिहा. कोणते अक्षर कशाचे, हे शिक्षकांनी आपल्याजवळ ठेवावे, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनातील अपेक्षा मोजमापात उतरणार नाही. पाचव्या दिवशी किती दाणे रुजले आणि मुळांची सरासरी लांबी किती, याचा तक्ता करा. प्रयोग तीनदा करा. हे दाणे खाऊ नयेत आणि हात साबणाने धुवावेत.

सर्वांत दाट द्रावणात मुळे खुरटलेली दिसण्याचा संभव मोठा आहे, कारण क्षार आणि संजीवके प्रमाणाबाहेर गेली की मारक ठरतात. मधल्या प्रमाणांत काय होते ते अर्कावर अवलंबून राहील. फरक दिसला नाही, तर तोही निष्कर्षच आहे आणि तो तसाच लिहावा.

हाच प्रयोग पालकांच्या शेतात नेता येतो. हळदीचे किंवा सोयाबीनचे सहा सारखे तुकडे आखावेत. तीनांवर अर्काची फवारणी आणि तीनांवर तेवढ्याच साध्या पाण्याची फवारणी, अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी करावी. साध्या पाण्याची फवारणी वगळू नये, नाही तर ताणातल्या पिकाला पाण्याने आलेला तजेला अर्काच्या नावावर जमा होतो. खते आणि आंतरमशागत सर्व तुकड्यांत सारखी ठेवून काढणीला प्रत्येक तुकड्याचे वजन वेगवेगळे करावे. वाढलेल्या उत्पन्नाचा भाव आणि बाटलीची किंमत शेजारी शेजारी मांडली, की पुढच्या हंगामात बाटली घ्यावी की नाही, हे त्या घरातील मूलच वडिलांना सांगू शकेल.