खासरा पाहणीत सापडलेली आजी



शेतकी खात्याच्या माणसानं बेण्यावर, लागणीवर लिहावं. घराण्याच्या मुळावर कशाला, असं कुणी म्हणेल. पण ऊस नोंदीला सातबारा लागतो, शेअर वारसाच्या नावे करायला वारसाचा कागद लागतो, आणि गट कार्यालयात बसलं की निम्मी भांडणं त्यातूनच कानावर येतात.

अहमदपूर तालुक्यातील एका सभासदाचं असंच अडलं होतं. विहिरीजवळचा तुकडा आपल्या आजोबांनी विकत घेतला, असं ते म्हणत. चुलत्याचं म्हणणं, तो वडिलोपार्जित. खरेदीखत कुणाजवळच नाही. "साहेब, सातबारा तर आमच्या बापापासूनच दिसतो." मी म्हटलं, बापू, सातबाऱ्याच्या मागं जा.

मराठवाड्यात मागं जायचं म्हणजे पहिला मुक्काम १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला की नक्कल मिळते. इथं बरेचजण फसतात, कारण ते आडनाव शोधत बसतात. जुन्या कागदात आडनाव पुष्कळदा नसतंच. माणूस बापाच्या नावानं ओळखला जाई. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई असली तर 'भ्र.', म्हणजे भ्रतार, नवरा. म्हणून शोध जमिनीच्या नंबरावरून घ्यावा. तोही आजचा गट नंबर नव्हे; जिथं एकत्रीकरण झालं तिथं भूमी अभिलेख कार्यालयातून जुना सर्व्हे नंबर आधी काढावा.

नक्कल मिळाली, तर वर 'जिल्हा बिदर'! दुसऱ्याच गावाचा कागद दिला म्हणून बापू परत निघाले होते. तालुक्याच्या वाचनालयात उस्मानाबाद जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर निघालं, तेव्हा उलगडा झाला. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिदरमध्ये होते, मग उस्मानाबादेत आले; लातूर जिल्हा तर १९८२ चा. नांदेडकडंही तसंच. किनवट तेव्हा आदिलाबादेत, आणि आज तेलंगणात असलेलं मुधोळ नांदेडात. वाचनालयात नुसता पेपर वाचायला जाऊ नये, तो असा.

निजामाच्या अमलातले कागद उर्दूत किंवा मोडीत, आणि साल फसली. त्यात ५९० मिळवा. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. मला स्वतःला उर्दू येत नाही, वाचणाऱ्याचे पाय धरावे लागतात. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये शासनानं न्या. शिंदे समिती नेमली, तेव्हापासून अशा जाणकारांना फार मागणी आली. किल्लारीच्या बाजूला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ज्यांच्या घरातल्या पेट्या ढिगाऱ्यात गेल्या, त्यांना तर सरकारी नकलेचाच आधार.

बापूंच्या नकलेत तुकड्यापुढं एका बाईचं नाव होतं. दोन्ही घरांत ते कुणालाच ठाऊक नव्हतं! आजोबांना एक थोरला भाऊ होता, तरुणपणी वारला, त्याची ही विधवा. म्हणजे खरेदी नव्हेच, थोरल्याचा हिस्सा. पुढं वारस नोंदवहीत तिच्या मुलीचंही नाव निघालं, सासर कंधार तालुक्यातलं. त्या मुलीचा नातू आपल्याच कारखान्याचा सभासद आहे. वार्षिक सभेला हे दोघं वर्षानुवर्षं एकाच मंडपात बसत आले, नातं माहीत नसताना.

बाई वारली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर, त्यामुळं मुलीच्या हक्काचा प्रश्न उभा राहतोच. त्यावर वकील बोलतील, मी नाही. बापू पहिल्यांदा कंधारला गेले ते कागद घेऊनच. जेवून आले, एवढं त्यांनी सांगितलं. तुकड्यातला खोडवा यंदा कुणाच्या नावे नोंदवायचा, हे मात्र तिन्ही घरांनी अजून कळवलेलं नाही. नोंदीची मुदत संपायच्या आत चिटबॉयकडं कळवावं.