चेहऱ्यासाठी तेल की क्रियाशील घटक?

चाळिशीच्या आसपास चेहऱ्याची त्वचा कोरडी पडू लागते, डोळ्यांच्या कडांना बारीक रेषा दिसतात आणि अनेकांच्या गालांवर वांगाचे डाग उमटतात. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी बदामतेल सुचवितात, कार्यालयातील सहकारी एखाद्या सीरमचे नाव सांगतात आणि दुकानदार दोन्ही बाटल्या पुढे ठेवतो. एकीवर ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले असते, दुसरीवर ‘क्रियाशील घटकांनी युक्त’. बहुतेक चर्चा या दोन शब्दांपाशीच अडकते. खरे तर कोणत्याही बाटलीविषयी विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: हिच्यात कोणता पदार्थ आहे, किती प्रमाणात आहे आणि तो त्वचेवर नेमके कोणते काम करतो?

बावचीच्या उदाहरणावरून हे चांगले समजते. बावचीचे बी आयुर्वेदात कोडावरील उपचारासाठी पूर्वापार वापरले जाते. याच बियांतून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याची माहिती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. बाकुची या संस्कृत नावावरून त्याला ‘बाकुचिऑल’ म्हणतात. पुढे अनेक दशके त्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या दुनियेचे फारसे लक्ष नव्हते. २०१९ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मॅटॉलॉजी’ या नियतकालिकात ४४ जणांवरील बारा आठवड्यांची एक चाचणी छापून आली. काहींनी अर्धा टक्का बाकुचिऑल दिवसातून दोनदा लावले, तर काहींनी अर्धा टक्का रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्ही गटांत सारखेच कमी झाले. त्वचा सोलवटणे आणि चुरचुरणे मात्र रेटिनॉल लावणाऱ्यांत अधिक आढळले.

मग हे द्रव्य नैसर्गिक म्हणावे की क्रियाशील? अर्थातच दोन्ही! परंतु म्हणून बावचीचे तेल आणून चेहऱ्याला चोळणे हा त्याचा स्वस्त पर्याय नव्हे. त्या बियांत सोरालेन वर्गातील द्रव्येही असतात आणि ती त्वचेला उन्हाबाबत अतिशय संवेदनशील करतात. कोडावरील उपचारात वैद्य व डॉक्टर याच गुणाचा देखरेखीखाली उपयोग करून घेतात. घरगुती प्रयोगात त्यामुळे भाजल्यासारखे फोड आणि मागाहून काळे डाग पदरी पडू शकतात. एकाच बियात उपकारक आणि अपायकारक द्रव्ये शेजारी शेजारी नांदतात, ही गोष्ट ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

बाकुचिऑलची तुलना ज्याच्याशी झाली, ते रेटिनॉल म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचे एक रूप. त्याच कुळातील ट्रेटिनॉइन हे अधिक प्रभावी औषध मुळात मुरुमांवर वापरले जात असे. १९८८ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीस जणांवर सोळा आठवडे चाचणी घेऊन, उन्हाने वृद्ध झालेली त्वचा त्याने सुधारते असे दाखविले आणि १९९५ मध्ये तेथील औषध प्रशासनाने या उपयोगाला मान्यता दिली. हे द्रव्य त्वचेच्या आतील थरात कोलॅजेनची निर्मिती वाढविते व त्याची मोडतोड रोखते. रेटिनॉलचे त्वचेत गेल्यावर दोन टप्प्यांत याच औषधात रूपांतर होते. म्हणून ते सौम्य आणि संथ. ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाचे असते आणि गर्भवतींनी हे दोन्ही पदार्थ पूर्णपणे टाळावेत.

तेलाचे काम याहून निराळे आहे. वयानुसार त्वचेतील तैलग्रंथी मंदावतात, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर विशेषच. त्वचेतील पाणी लवकर उडून जाते आणि बारीक रेषा अधिक ठळक दिसू लागतात. ओलसर चेहऱ्यावर दोन-तीन थेंब तेल लावले की पाणी टिकते, त्वचा मऊ होते आणि या रेषा पुसट दिसतात. हा लाभ खरा आहे, पण तो वरवरचा आहे. खोल सुरकुतीपर्यंत तो पोहोचत नाही.

सर्व तेलेही सारखी नसतात. इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेचा बाह्य संरक्षक थर कमकुवत झाला, सूर्यफुलाच्या तेलाने मात्र तो टिकून राहिला. म्हणजे महागडी परदेशी बाटली स्वयंपाकघरातील डब्यापुढे उणी पडली. खोबरेल कोरड्या त्वचेला मानवते, पण तेलकट त्वचेची रंध्रे त्याने बुजू शकतात. हवामानाचाही विचार हवा. रत्नागिरीहून जयपूरला बदली झालेल्या सहकाऱ्यांना पहिल्याच हिवाळ्यात हे कोणी समजावून सांगावे लागत नाही! कोकणात चिकट वाटणारे तेल तेथे रोजच्या गरजेचे होऊन बसते.

आता या दोन्हींच्या आधीची बाब. त्वचा अकाली वृद्ध होण्याचे सर्वांत मोठे बाह्य कारण ऊन हे आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये ५५ वर्षांखालील ९०३ व्यक्तींचा साडेचार वर्षे अभ्यास झाला व २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटाची त्वचा, मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी वृद्ध झाली होती. आपल्या सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा येतात, डाग मात्र लवकर पडतात. ‘आम्हांला कशाला सनस्क्रीन?’ असे म्हणणाऱ्यांचे गणित येथेच चुकते. तेलाने हे काम होत नाही आणि सनस्क्रीनवाचून रेटिनॉल लावणे म्हणजे एका खात्यात भरणा करून दुसऱ्यातून तेवढीच रक्कम काढण्यासारखे आहे. खर्चाची मर्यादा असेल, तर माझ्या मते पहिला रुपया सनस्क्रीनवरच जावा.

चेहरा झटपट उजळविणाऱ्या मलमांपासून मात्र दूर राहिलेलेच बरे. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते. पहिले काही आठवडे चेहरा तजेलदार दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मलम थांबविताच त्रास उफाळतो. अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीविना विकण्यास केंद्र सरकारने २०१८ साली मनाई केली, तरी ती हातोहाती फिरतात.

ठेवीच्या पावतीमागील बारीक अक्षरे वाचण्याचा आग्रह आम्ही ग्राहकांना नेहमी करतो. तोच येथेही उपयोगी पडतो. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावी, एक टक्का वा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने द्यावेत, असा आपल्याकडील नियम आहे. खोक्यावर केशराचे चित्र असावे आणि यादीत केशर सुगंधी द्रव्यांच्याही मागे असावे, असे पुष्कळदा दिसते. याउलट रेटिनॉल यादीच्या तळाशी असले तरी बिघडत नाही, कारण ते अर्धा टक्कादेखील पुरते. म्हणून ज्या कंपनीने टक्केवारी स्पष्ट छापली आहे, तिचेच उत्पादन घ्यावे.

सुरुवात करताना नवा पदार्थ चार-पाच दिवस कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावा. रेटिनॉल आठवड्यातून दोनच रात्री, वाटाण्याएवढे घ्यावे व त्वचा सरावली की वाढवावे. त्याने चुरचुर झाल्यास वर तेलाचे दोन थेंब लावावेत. फरक दिसण्यास तीन ते सहा महिने लागतात, तेव्हा मोठी बाटली आधीच घेऊन ठेवू नये. दोन्ही बाटल्या उजेड व उष्णतेपासून दूर ठेवाव्यात. खवट वास येऊ लागलेले तेल आणि रंग तपकिरी झालेले ‘क’ जीवनसत्त्वाचे सीरम, किंमत कितीही मोजलेली असो, टाकून द्यावे.