दोन तीरांमधील अंतर

भंडारा जिल्ह्यातून वैनगंगा नदी वाहते. तिच्या काठी उभे राहिले म्हणजे पैलतीरावरील झाडे, घरे आणि देवळाचा कळस स्पष्ट दिसतो. आपली दृष्टी क्षणात पलीकडे जाते. पाय मात्र काठावरच थांबतात. मग पैलतीर जवळ म्हणावा की दूर?

अंतर दोन रीतींनी मोजता येते. एक नकाशावर सरळ रेघ ओढून, दुसरे घड्याळाकडे पाहून. रेघेची लांबी कधी बदलत नाही. पण लागणारा वेळ वाट, वाहन आणि हवामान यांप्रमाणे बदलत जातो.

अंभोरा हे ठिकाण पाहा. येथे वैनगंगेच्या एका तीरावर नागपूर जिल्हा, तर दुसऱ्या तीरावर भंडारा जिल्हा आहे. पवनीजवळ गोसीखुर्द धरण झाल्यावर त्याचे पाणी मागे पसरले आणि येथील पात्र अधिकच रुंद झाले. पैलतीरी जाण्यास डोंग्यात बसावे लागे, नाही तर दूरच्या पुलावरून मोठा वळसा घ्यावा लागे. घरात कोणी अत्यवस्थ असले आणि नदीला पूर आला, म्हणजे समोर दिसणारे गावही परदेशासारखे दूर वाटे. सन २०२४ मध्ये येथे सुमारे ७०० मीटर लांबीचा पूल रहदारीस खुला झाला. आता तेवढे अंतर पायी चालण्यास आठ-नऊ मिनिटे पुरतात. नदी होती तेथेच आहे. दोन तीर मात्र जवळ आले आहेत.

जी गोष्ट नदीची, तीच समुद्राची. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांवरील विमानतळांत केवळ २.७ किलोमीटर अंतर आहे. मध्ये जमीन असती, तर तुमच्यासारखा विद्यार्थी अर्ध्या तासात चालत गेला असता. परंतु मध्ये समुद्र आहे. म्हणून १९६७ सालापासून या बेटांमध्ये एक लहानसे विमान ये-जा करते. त्यात जेमतेम आठ उतारू बसतात. वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटे दिलेली आहेत, आणि हवामान अनुकूल असताना तो ५३ सेकंदांतही पुरा झाला आहे! जगातील नियमित विमानप्रवासांत हा सर्वांत छोटा मानला जातो.

इतक्या थोड्या अंतरासाठी विमान कशाला, असे कोणी विचारील. पापा वेस्ट्रे बेटावर जेमतेम शंभर माणसे राहतात. एवढ्याशा वस्तीत सर्व सोयी कोठून असणार? म्हणून शिक्षक, डॉक्टर आणि रुग्ण या विमानाने प्रवास करतात. त्यांच्या दृष्टीने ही दोन मिनिटे मौजेची नव्हेत, गरजेची आहेत.

पाणी निसर्गाने निर्माण केले आहे; ते दूर सारता येत नाही. परंतु डोंगा, पूल आणि विमान यांच्या योगे मनुष्य वेळ कमी करू शकतो. म्हणूनच एखादे गाव किती दूर आहे हे सांगताना किलोमीटर सांगून थांबू नये. तेथील आजाऱ्याला दवाखान्यात आणि मुलाला शाळेत पोहोचण्यास किती वेळ लागतो, हेही विचारावे.

अभ्यास
१. अंतर मोजण्याच्या दोन रीती कोणत्या?
२. अंभोऱ्याचा पूल होण्यापूर्वी लोकांना कोणत्या अडचणी येत?
३. तुमच्या घरापासून शाळेचे अंतर व लागणारा वेळ लिहा. पावसाळ्यात त्यात काय फरक पडतो?